बसमधूनच दर्शन?

डाळिंबाचे पैसे हाती आले की सांगोल्यातही आता दुबई, सिंगापूर, स्वित्झर्लंडची नावं निघतात. सहल कंपन्यांपैकी केसरी १९८४ पासून आणि वीणा वर्ल्ड २०१३ पासून मराठी माणसाला जग दाखवतायत. म्हातारे आई-वडील बरोबर असतील, तर भाषेची नि जेवणाची काळजी वाहणारी अशी कंपनीची सहलच बरी. पण पोरं हाताशी आली असतील, तर विमान-हॉटेल स्वतः ठरवून एकेका दिवसाच्या सहली तिथंच घेणं मला जास्त पटतं. स्वित्झर्लंडातच बघा: ल्युसर्नहून रेल्वेनं एंगेलबर्ग, तिथून रोपवेनं टिटलिसच्या डोंगरावर, तीन हजार मीटरवर बर्फात खेळून संध्याकाळी मुक्कामी परत. यात गाइडचं काम फारसं नाहीच. गाइड घ्यावा तो रोमच्या कोलोसियमसारख्या ठिकाणी, नाहीतर नुसते दगड बघून यायचं. (तसं तर शेजारचं मंगळवेढाही आपण कुणाला काही न विचारताच बघतो!) पैसे भरण्याआधी मात्र एवढं लेखी घ्या: प्रवेशाचं तिकीट धरलंय की बसमधूनच दर्शन, गटात माणसं किती, आणि सहल रद्द झाली तर परत किती मिळणार.