घरविम्याचे नियम सुटसुटीत झाले. नुकसानीचा हिशेब मात्र अपारदर्शकच

नवी दिल्ली : पूर, वादळ किंवा आगीत घराचे नुकसान झाल्यावर विमाधारकाच्या हाती पडणारी रक्कम मुख्यत्वे एका दस्तऐवजावर ठरते. तो म्हणजे सर्वेक्षकाचा अहवाल. हा सर्वेक्षक परवानाधारक असला, तरी त्याची नेमणूक विमा कंपनी करते आणि त्याचे शुल्कही तीच देते. घरविम्यातील पारदर्शकतेचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

१ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीने काही जुने वाद मिटवले. पूर्वी घराचा विमा त्याच्या मूल्यापेक्षा कमी रकमेचा असल्यास भरपाईही त्याच प्रमाणात कापली जात असे. ४० लाखांच्या घराचा २० लाखांचा विमा असेल, तर ४ लाखांच्या नुकसानीपोटी २ लाखच मिळत. नव्या पॉलिसीत ही कपात नाही. विमा रक्कमही जमिनीच्या भावावर नव्हे, तर चटई क्षेत्र आणि बांधकाम खर्चावर ठरते.

मात्र दुरुस्तीचा खर्च कसा मोजला, हे यातून स्पष्ट होत नाही. गिलावा, विद्युत जोडणी, फरशी यांसाठी कोणता दर धरला, भिंतीची ओल पुराची की जुन्या गळतीची, मोडीत निघालेल्या वस्तूंची किती किंमत वजा केली, हे बाबनिहाय कळल्याशिवाय मंजूर रकमेवर नेमका आक्षेप घेता येत नाही. केवळ एकरकमी आकडा हाती आल्यास विमाधारकापुढे तो स्वीकारणे किंवा दीर्घ वादात उतरणे, एवढेच पर्याय उरतात.

विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या मुख्य परिपत्रकाने वेळेचे बंधन घातले आहे. दाव्याची सूचना मिळाल्यापासून २४ तासांत सर्वेक्षकाची नेमणूक, १५ दिवसांत अहवाल आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. वेग वाढवणारी ही तरतूद स्वागतार्ह असली, तरी वेळेत आलेला आकडा योग्य असेलच, याची हमी ती देत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दोन महत्त्वाचे दंडक घालून दिले. सर्वेक्षकाचा अहवाल हा अंतिम शब्द नाही. तसेच मनासारखा अहवाल मिळेपर्यंत कंपनीला एकामागून एक सर्वेक्षक नेमता येणार नाहीत. कंपनीच्या निर्णयाने समाधान न झाल्यास ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी विमा लोकपालाकडे विनाशुल्क नेता येतात. परंतु तेथेही छायाचित्रे, खरेदीच्या पावत्या आणि दुरुस्तीचे स्वतंत्र अंदाजपत्रक हाती असलेल्या विमाधारकाचीच बाजू भक्कम ठरते.

अहवालाची प्रत मागितल्यास मिळावी, हे तत्त्व २००२ च्या विनियमांनीच मान्य केले होते. परंतु हक्क मागणीवर अवलंबून असला, की तो ठाऊक असणाऱ्यालाच मिळतो. मंजुरीपत्रासोबतच दर, परिमाण आणि प्रत्येक कपातीचे कारण देणे बंधनकारक केल्यास वादाचे स्वरूप बदलेल. तेव्हा चर्चा कंपनीच्या हेतूवर नव्हे, तर हिशेबावर होईल.