विश्लेषण : कंबर दुखते, पण चूक फक्त बसण्याच्या पद्धतीची?

कंबरदुखीवरच्या बहुतेक सल्ल्यांत एक खुर्ची आणि एक लॅपटॉप असतो. ताठ बसा, स्क्रीन डोळ्यांसमोर ठेवा. रेवस, थळ किंवा मुरूडच्या किनाऱ्यावर या सल्ल्याचा उपयोग किती? तिथे ओहोटीला होडी काठाला लागत नसेल, तर बर्फातली मासळी चिखलातून उचलूनच आणावी लागते.

नेमके काय होते?

वजन शरीरापासून जितके लांब, तितका कमरेच्या मणक्यांवर भार जास्त. तरफेचे साधे गणित. अमेरिकेतील ‘नायॉश’ संस्थेच्या सूत्रानुसार सगळी स्थिती आदर्श असताना एका वेळी २३ किलोच उचलावे. वाकावे किंवा अंग पिळावे लागले की मर्यादा आणखी खाली येते. भातलावणीत वजन हातभर रोपांचे, पण वाकणे दिवसभराचे. स्नायू थकले की ताण चकत्या आणि अस्थिबंधांवर जातो.

रस्त्याचाही वाटा आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि दशक उलटूनही रखडले. बसलेल्या माणसाचा कणा साधारण ४ ते ६ हर्ट्झच्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतो. गाड्यांचे हादरे याच पट्ट्यात येतात. खड्ड्यांतून दिवसभर मिनिडोअर हाकणाऱ्याला ‘पोश्चर सुधारा’ सांगणे म्हणजे थट्टाच.

एमआरआय काढावा का?

लगेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुमारे ९० टक्के रुग्णांत दुखण्यामागे एकच ठराविक कारण सापडत नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या सुमारे ८० टक्के लोकांच्या स्कॅनमध्येही चकतीची झीज दिसते, असे २०१५ च्या एका आढाव्यात आढळले. म्हणजे उसनवारी करून काढलेला रिपोर्ट अनेकदा फक्त वय सांगतो. अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा झेपेल तेवढी हालचाल बरी. पण हातावर पोट असलेल्याला हलके काम देणार कोण? ओहोटीतही चालेल असा धक्का, लहान क्रेट, लावणीचे यंत्र हे कमरेचेच उपचार आहेत. ते औषधाच्या चिठ्ठीवर येत नाहीत, एवढेच.

थांबू नये कधी?

पायातली ताकद कमी होणे, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, दुखण्यासोबत ताप किंवा विनाकारण वजन घटणे, पडल्यानंतरची तीव्र वेदना. यात मालीश, पट्टा नको, थेट डॉक्टर. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे.