या पाडव्यापासून त्या पाडव्यापर्यंत

दिवाळीच्या पाडव्याला शेळी फळली, तर ती गुढीपाडव्याच्या आसपास विते. कार्तिक प्रतिपदा ते चैत्र प्रतिपदा हे पाच चांद्रमास, म्हणजे १४७-१४८ दिवस. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, चार-पाच दिवस इकडेतिकडे. पंचांगाचे आणि शेळीचे इतके जमते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आपल्या मुलांना दोन्ही पाडवे माहीत असतात, पण एक ओवाळणीपुरता आणि दुसरा श्रीखंडापुरता.

इथे डंडॉकमध्ये तर हा हिशोब आणखी चपखल बसतो. आपल्याकडच्या उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळ्या वर्षात केव्हाही माजावर येऊ शकतात. आयर्लंडच्या शेळ्या-मेंढ्या मात्र दिवस लहान होऊ लागले की, म्हणजे दिवाळीच्या सुमारास फळतात आणि वसंतात वितात. मार्चमध्ये कूलीच्या बाजूला गाडी घेऊन गेलात तर कुरणाकुरणातून कोकरे दिसतात. मुले शाळेच्या सहलीहून येतात आणि ‘लॅम्बिंग’ पाहिल्याचे डोळे मोठे करून सांगतात. त्याच घरात तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली आजी खिडकीपाशी बसून पाऊस बघत असते. तिने उभ्या आयुष्यात शेळ्यांची चाळीस-पन्नास बाळंतपणे निभावलेली असतात आणि तिला कुणी काही विचारत नाही. सगळ्यांच्याच आज्या शेळ्या राखत नव्हत्या, हे मान्य. पण आपल्यातल्या जितक्यांच्या राखत होत्या, त्यापेक्षा ते सांगणारे फार थोडे, असे मला नेहमी वाटते. गाईचे नाव काढायला आपण लाजत नाही. शेळीचे नाव काढायला लाजतो.

म्हणून या अंकात तिला काय काय ठाऊक असते ते थोडे सांगतो. इंग्रजी पानांवरून थेट फराळाकडे वळणाऱ्या मुलांना हे मोठ्याने वाचून दाखवा.

शेळी व्यायला आली हे आधी कास सांगते. शेवटच्या काही आठवड्यांत ती भरू लागते. पहिलटकरणीची जरा लवकरच. पण एवढ्यावरून दिवस सांगता येत नाही. कास ताणून चकाकायला लागली, सड तटतटले, की दिवस जवळ आला असे समजायचे. काही शेळ्या विल्यावरच कास सोडतात, त्यामुळे जाणत्या बायका कासेवर विसंबत नाहीत. त्या शेपटीच्या मुळाशी हात लावून बघतात. तिथे दोन्ही बाजूंना पेन्सिलीइतक्या जाड, ताठ दोऱ्यांसारखे काहीतरी बोटांना लागते. एरवी ते कडक असते. वेण सुरू व्हायच्या साधारण दिवसभर आधी ते इतके मऊ पडते की चाचपडूनही सापडत नाही. शेपटीच्या दोन्ही अंगांना खळगे पडतात, पोट खाली उतरते, कुशी आत जातात. निरण सुजून सैल होते आणि मग पांढरट, चिकट स्राव तारेसारखा लोंबू लागतो.

आणि वागणे बदलते. कळप सोडून शेळी कोपरा धरते, पुढच्या पायाने जमीन उकरते, बसते, उठते, पुन्हा बसते, मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघते आणि हलक्या आवाजात बोलते. चाऱ्याला तोंड लावत नाही. एरवी हाताला न लागणारी शेळी अंगाला अंग घासू लागते. हे सगळे प्रत्येकीत दिसेलच असे नाही, म्हणून तर राखणाऱ्या बाईला आपली शेळी ओळखीची असावी लागते.

पाणमोट दिसली की करडाचे पुढचे दोन पाय आणि त्यावर टेकलेले नाक यायला हवे. शेळी जोर लावते आहे आणि अर्धा-पाऊण तास झाला तरी काहीच पुढे सरकत नाही, तर डॉक्टर. वार बारा तासांत पडली नाही तरी डॉक्टर. ती ओढायची नाही. करडाच्या नाकातोंडातला चिकटा पुसायचा आणि पहिल्या तासाभरात त्याला चीक पाजायचा.

यातले काही ऐकून गावच्या फोनची आठवण झाली का? ‘शेळी व्यायला आलीय, मला यायला जमायचं नाही’ असे कुणी म्हटले की आपण हसतो. हसू नये. कोरडवाहू गावात दोन करडे वाचणे न वाचणे म्हणजे शाळेची फी भरली जाणे न जाणे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने बायकांना शेळ्यांच्या उपचाराचे आणि कृत्रिम रेतनाचे शिक्षण दिले, त्या आता गोठ्यागोठ्यांतून फिरतात. बायकांच्या हातात होते तेच ज्ञान, त्याला जोड आणि मान मिळाला. वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो, करावीच. भूमिहीनाच्या घरी मात्र गाय नसते, शेळी असते, आणि तिला एकही सण नाही.

आपण राहतो त्या भूमीला तर ही गोष्ट नवी नाही. मुलांना कू-खुलिनची कथा शाळेत कळते. तो एकटा का लढला हे विचारा. अल्स्टरच्या राजाने माखा नावाच्या दिवस भरलेल्या बाईला घोड्यांशी शर्यत लावायला भाग पाडले. ‘बाळंत होईपर्यंत थांबा’ ही तिची विनवणी कुणी ऐकली नाही. ती जिंकली, तिथेच तिला जुळे झाले, आणि तिने शाप दिला की ऐन संकटात अल्स्टरच्या पुरुषांना बाळंतकळा येतील. म्हणून कूलीच्या बैलासाठी युद्ध झाले तेव्हा सगळे पुरुष आडवे पडले आणि हा एकटा उभा राहिला.

एक सूचना मात्र गंभीरपणे. घरात कुणी गरोदर असेल तर तिने वसंतात वीत चाललेल्या मेंढ्या-शेळ्यांपासून, नव्या कोकरा-करडांपासून आणि त्या कामात मळलेल्या कपड्यांपासूनही लांब राहावे. वारेतून आणि स्रावातून येणारे काही जंतू पोटातल्या बाळाला घातक ठरतात. इथली आरोग्यसेवा हेच सांगते.

बाकीच्यांनी येत्या रविवारी आजीला फोन लावावा. ‘कशी आहेस, जेवलीस का’ झाल्यावर विचारा, ‘काळी गाभण आहे का? किती दिवस झाले? कास आली का?’ आणि मुलांना स्पीकरपाशी बसवा. निदान अर्धा तास हाताशी ठेवून बसवा.