‘जात सांगू नकोस, गप शिक’ हा सल्ला पुरे झाला

निकाल लागला, प्रवेशाच्या याद्या लागल्या की आपल्या वस्त्यांमध्ये सल्ल्यांचा पाऊस पडतो. नाकासमोर चाल. संघटना-बिंघटनांच्या नादी लागू नकोस. कुणी आडनाव विचारलं तर विषय बदल. गप शिक आणि नोकरीला लाग. सांगणारी माणसं आपलीच असतात, त्यांनी सोसलेलं असतं, त्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. पण हा सल्ला आपल्या पोरांना विद्यापीठात एकटं पाडतो आणि एकटा पडलेला विद्यार्थीच व्यवस्थेला हवा असतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आडनाव लपवण्याचंच घ्या. 1917 साली कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते पारशांच्या एका विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. बाबासाहेबांना जे लपवणं अकरा दिवस पुरलं, ते आज पुण्यात रूम शोधणाऱ्या बी.ए.च्या पोराला किती दिवस पुरणार? शिवाय आता लपायला जागाच कुठे आहे? प्रवेशाच्या यादीत नावापुढे प्रवर्ग छापलेला असतो. ‘सीईटीला किती पडले?’ हा प्रश्न कशासाठी असतो, ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि आपल्यालाही. पहिल्याच दिवशी वर्गात उभं राहून घोषणा द्या असं आम्ही म्हणत नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगा आणि पुढचं वाक्य विषयावर बोला. लपवण्यात जी ताकद खर्ची पडते, ती अभ्यासाची असते.

यावर घरचे एकच नाव घेतात. ‘रोहित वेमुला चळवळीत होता, बघा काय झालं.’ रोहितला हैदराबाद विद्यापीठाच्या वसतिगृहातून बाहेर काढलं होतं. सात महिन्यांची फेलोशिप, 1 लाख 75 हजार रुपये, थकली होती, हे त्याच्याच शेवटच्या पत्रात आहे. म्हणजे डोक्यावरचं छप्पर आणि हातातला पैसा, दोन्ही गेलं होतं. याचा दोष आंबेडकरवादी संघटनेवर कसा येतो? आणि डॉ. पायल तडवीचं काय? ती मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेत होती, रुग्णालयात राबत होती. मे 2019 मध्ये तीही गेली. तिथे कुठली चळवळ होती? दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहापासून परीक्षेपर्यंत कशी वागणूक मिळते, हे थोरात समितीने 2007 मध्येच कागदावर आणलं. गप राहिल्याने जात गप राहते, याला पुरावा नाही.

मग नव्या पोरांनी करायचं काय? सगळ्यात आधी कागद. हे ऐकायला क्रांतिकारी वाटत नाही, पण आमच्या अनुभवात निम्मी शिक्षणं भेदभावाच्या आधी कागदावरच अडतात. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, शाळा सोडल्याचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. सगळ्याच्या चार-चार प्रती आणि मोबाइलमध्ये स्कॅन. बौद्ध विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण केंद्रीय विद्यापीठ किंवा आयआयटीत केंद्राच्या नमुन्यातलाच दाखला मागतात. राज्याचा दाखला घेऊन दिल्लीला गेलेला पोरगा खिडकीवरून परत येतो. तो दाखला गावाकडे असतानाच काढून ठेवा.

दुसरं, पैसा. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरा. त्यातला केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यासाठी बँक खातं आधारला जोडलेलं लागतं. आलेल्या रकमेत कॉलेजची फीही असते. घरात अडचण असते, पैसा दिसला की उधारी फिटते, हे आम्हाला कळतं. पण नंतर निकाल अडवला जातो तो पोराचा. म्हणून फीची रक्कम आधी कॉलेजात भरा आणि पावती ठेवा. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तिच्यातून वर्षाला 60 हजार रुपये मिळतात. शिष्यवृत्ती म्हणजे भीक, असं वाटणाऱ्यांनी सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोण शिकलं ते आठवावं. ती मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून यावं लागलं होतं आणि ते पुरं करायला ते 1920 मध्ये पुन्हा गेले.

तिसरं, तोंडी भांडण करू नका, अर्ज करा. एका कॉलेजात आमच्याबरोबर आलेल्या मुलीला क्लार्कने सांगितलं, ‘आधी पूर्ण फी भर, स्कॉलरशिप आली की परत देऊ.’ तिची आई बचत गटातून कर्ज काढायला निघाली होती. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशावेळी फी मागू नका, असं शासनाने कॉलेजांना वारंवार बजावलेलं आहे. आम्ही तिला चार ओळींचा अर्ज प्राचार्यांच्या नावाने लिहायला लावला, ‘फी मागण्याचं कारण लेखी द्यावं’ एवढाच. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मागितला. शिक्का मारता मारता क्लार्क साहेबांकडे आत गेले आणि प्रवेश झाला! जातीवरून अपमान झाला तरी रीत हीच. तारीख, वेळ, कोण हजर होतं, सगळं त्याच रात्री वहीत लिहा. यूजीसीच्या 2012 च्या नियमांनी प्रत्येक संस्थेवर समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याची जबाबदारी टाकली. तुमच्या कॉलेजात तो अधिकारी कोण आहे, हे पहिल्या आठवड्यात विचारा. कुणालाच माहीत नसेल, तर त्याचाच अर्ज करा.

इंग्रजीची भीती वाटते, ती साहजिक आहे. पण ज्या विद्यापीठात समाजशास्त्रासारखा विषय मराठीत लिहायची सोय आहे, तिथे ती निर्लज्जपणे वापरा. वर्गात प्रश्न मराठीत विचारा. रोज एक इंग्रजी पान डिक्शनरी घेऊन वाचा. वर्षभरात फरक पडतो.

आणि आता कार्यकर्ते म्हणवणाऱ्यांना. पोरगं गेलं की आपण मेणबत्त्या घेऊन पोहोचतो, बॅनर छापतो, व्हॉट्सअॅपचा डीपी काळा करतो. त्याच पोराला जुलैत फॉर्म भरताना आपल्यातलं कुणी भेटलं होतं का? 14 एप्रिलच्या डीजेचं एका रात्रीचं भाडं किती होतं ते आपापल्या मंडळाच्या हिशेबात पाहा. तेवढ्यात एक प्रिंटर येतो, नेट येतं आणि प्रवेशाचे दोन महिने विहारात एक टेबल चालतं. टेबलावर बसायला मोठं कुणी नको. मागच्या वर्षी ज्याचा अर्ज त्रुटीत निघाला होता, तो दुसऱ्या वर्षाचा पोरगा किंवा पोरगी बसवा. कुठल्या रकान्यात काय चुकतं, हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

जय भीम!