भोक तेवढंच, पण...

दोस्तांनो, सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्हाला आम्ही काय सांगायचं! म्हणून गच्चीवर टाकी आलीच. तिचा पाइप खाली आणायला प्लंबरकाका छन्नी-हातोडा घेऊन स्लॅबवर चढतात. "एवढंसं भोक, काय होतंय त्याला?" बऱ्याचदा खरंच काही होत नाही. कधीकधी मात्र होतं.

आपली सोलापुरी चादर आठवा. तिच्यात ताणा-बाणा असतो ना, तसंच स्लॅबच्या पोटात लोखंडी सळ्यांचं जाळं असतं. काँक्रीट दाब मजेत सोसतं. ताण मात्र त्याला झेपत नाही. वजन पडलं की स्लॅब किंचित वाकतो, खालची बाजू ताणली जाते आणि तो ताण सळ्या घेतात. खोली लांबट असेल, तर मुख्य सळ्या आखूड बाजूने टाकलेल्या असतात.

आता एक प्रयोग. (कटर चालवायला मोठं माणूस हवं हं!) खोक्याच्या पुठ्ठ्याच्या, ८ सेंटिमीटर रुंदीच्या दोन लांब पट्ट्या कापा. पुठ्ठ्यातल्या नळ्या लांबीच्या दिशेने यायला हव्यात. दोन्हींच्या मधोमध ५ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर रुंद भोक पाडा. एकीत उभं, दुसरीत आडवं. पट्ट्या पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांवर टेकवा, मधे वाटी ठेवून नाणी टाकत जा. भोक तेवढंच, पण आडव्या भोकाची पट्टी आधी मान टाकते. तिच्या बहुतेक नळ्या तुटल्यात!

काही मोठ्या इमारतींत पन्हाळी पत्रा अंथरून त्यावरच काँक्रीट ओततात. तिथे पत्राच सळ्यांचं काम करतो. पत्रा कापला, की सळ्या कापल्यासारखंच.

म्हणून भोकाची जागा स्लॅब ओतण्याआधीच सोडतात. जेवढ्या सळ्या अडतात, तेवढ्या भोकाच्या दोन्ही अंगांना जास्तीच्या घालतात. चौकोनी भोकाच्या कोपऱ्यांतून भेगा निघतात, तिथे तिरक्या सळ्या. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांतही झरोका असायचा, पण दोन तुळयांच्या मधल्या जागेत. तुळई कापायचं कुणाच्या मनातही यायचं नाही!

तुळईविना, नुसत्या खांबांवर टेकलेला स्लॅब असेल, तर खांबाजवळची जागा सगळ्यात नाजूक. आणि पुढे काढलेल्या बाल्कनीत सगळंच उलटं: तिथे ताण वर, म्हणून मुख्य सळ्याही वर. फरशी बदलताना वरून ठोकाठोक झाली, तर घाव नेमका त्यांच्यावरच!