मे महिन्यातलं दुपारचं ताट

मैत्रिणींनो, मे महिना आला की आपल्या या पानाकडून कैरीचं पन्हं, मुरंबा, वर्षाचं तिखट आणि सुट्टीत मुलांना कसं गुंतवून ठेवावं याच्या सूचनांची अपेक्षा असते. त्या मिळतीलच, मसाल्याचं प्रमाण विचारणाऱ्या भगिनींनी आठवडाभर धीर धरावा. आज दुसऱ्यांच्या मुलांच्या जेवणाविषयी बोलायचं आहे. दुसऱ्यांच्या म्हणजे फार लांबच्या नव्हे. तुमच्याकडे धुणीभांड्याला येणाऱ्या बाईबरोबर मे महिन्यात एखादं पोर येतं, जिन्यात बसून राहतं, तुम्ही दिलेलं बिस्कीट खातं. त्याच्याविषयी.

एरवी वर्षभर हे पोर दिसत नाही, कारण ते महापालिकेच्या शाळेत असतं आणि दुपारी तिथंच जेवतं. आपण त्याला नुसतं ‘खिचडी’ म्हणतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी मुलांच्या पिशवीत कोरडे तांदूळच पडत. शिजवलेलं अन्नच द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २८ नोव्हेंबर २००१ रोजी द्यावा लागला. २०२१ पासून योजनेचं नाव ‘पीएम पोषण’ झालं, पण पोरांच्या तोंडी खिचडीच. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं माप ठरलेलं आहे. पुष्कळ घरांत दिवसातलं तेवढंच एक धड जेवण असतं. मेच्या सुरुवातीला शाळा बंद होते आणि जूनच्या मध्यापर्यंत हे ताट बंद राहतं. भुकेला काही सुट्टी नसते.

“अहो, पण ती मुलं गावाला जातात की!” असं म्हणणाऱ्या बायका मला दर वर्षी भेटतात. ज्यांच्या गावी विहिरीला पाणी आहे ती जातात. बाकीच्यांनी गाव सोडलं तेच पाणी नाही म्हणून. न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी सांगितलं होतं की दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेचं जेवण चालू ठेवा. मे २०१६ मध्ये, दुष्काळाच्या खटल्यात, तेच पुन्हा बजावलं. पण हे जेवण दुष्काळी भागासाठी. त्याच दुष्काळामुळे आईबापांबरोबर ठाण्याला आलेल्या मुलामागे ते येत नाही. गाव सुटलं की ताटही सुटलं!

ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली सिग्नल शाळा आहे, ती तुमच्यापैकी अनेकींनी रिक्षातून जाताना पाहिली असेल. सिग्नलला गजरे आणि खेळणी विकणाऱ्या मुलांसाठी २०१६ साली ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी मिळून ती सुरू केली. त्यातली कितीतरी कुटुंबं मराठवाड्याच्या कोरड्या पट्ट्यातून आलेली. मुलांनी शाळेत यावं एवढं म्हणून न थांबता मुलं होती तिथं, पुलाखाली, शाळा नेली. ही युक्ती आपल्या जिल्ह्याला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं, पुढे अनुताई वाघांबरोबर ते कोसबाडच्या पाड्यांवर नेलं. (हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता, २०१४ पासून पालघरमध्ये.) मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा त्याच्या अंगणात, असा त्यांचा सरळ हिशेब होता. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथूनच देशभर गेला.

म्हणून पहिली गोष्ट: आपल्या सोसायटीचा हॉल कितीही छान असला तरी पंगत तिथं नको. वस्तीतलं समाजमंदिर, देवळाची ओवरी, गणेशोत्सव मंडळाची शेड, काहीही चालेल. सावली आणि पाणी हवं. मुलं चालत येतील इतकं जवळ हवं. दुपारी बाराच्या उन्हात अनवाणी पाय फार लांब जात नाहीत.

आता माणसांचं. सामान मिळेल, पैसे मिळतील, पण शिजवणार कोण, या प्रश्नावर असली कामं अडतात. मग चार उत्साही भगिनी आठवडाभर घाम गाळतात, पाचव्या दिवशी एकीची कंबर धरते, सातव्या दिवशी दुसरीची नणंद येते आणि काम संपतं. मैत्रिणींनो, तुमच्याच वॉर्डात हे काम रोज करणाऱ्या बायका आहेत. शाळेचं जेवण शिजवणाऱ्या, वाढणाऱ्या, भांडी घासणाऱ्या. योजनेत त्यांना मानधन वर्षातल्या दहाच महिन्यांचं धरलेलं आहे. म्हणजे ज्या दिवसांत पोरं उपाशी, त्याच दिवसांत त्यांना शिजवून घालणारीची चूलही थंड! या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या की अर्धं काम झालं. वर्गणीतला पहिला पैसा तिच्या मजुरीला काढा. ‘पुण्याचं काम आहे, बाई करील फुकट’ असं कोणी म्हणालं तर त्या भगिनीला आधी स्वतः आठ दिवस फुकट करायला सांगा. डोंबिवलीत तर गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत. पन्नास मुलांच्या पोळ्या एखाद्या केंद्राने आठवड्यातून एक दिवस द्यायच्या ठरवल्या तर त्याला जड नाही.

मुलांची यादी तुम्ही करू नका. ती अंगणवाडीच्या ताईंना आणि शाळेच्या बाईंना विचारा. कोणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना ठाऊक असतं.

सामानाचा हिशेब मात्र आपल्या हातचा. शाळेचंच माप धरू. पन्नास मुलांना रोज पाच किलो तांदूळ, एक किलो डाळ, अडीच किलो भाजी, पाव किलो तेल. २ मे ते १४ जून, रविवार वगळून, साधारण ३८ दिवस. एकूण १९० किलो तांदूळ, ३८ किलो डाळ, साडेनऊ किलो तेल. आकडा ऐकून छाती दडपते, पण चाळीस बिऱ्हाडांच्या एका इमारतीत वाटून बघा: घरटी पावणेपाच किलो तांदूळ, किलोला थोडी कमीच डाळ आणि पाव किलोच्या आत तेल. सहा आठवड्यांचं हे. एका वाढदिवसाच्या केकला याहून जास्त खर्च होतो की नाही, सांगा बरं! सहावी-सातवीची मुलं असतील तर माप दीडपट धरा. गॅस, मीठ-मसाला, भाजी आणि मजुरी यांसाठी वेगळी वर्गणी लागेल. तिची वही एकीकडेच असू द्या आणि दर शनिवारी सर्वांना दाखवा. वहीवरून मोडलेली मंडळं मी पुष्कळ पाहिली आहेत.

वाढदिवसाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. शाळेच्या योजनेत लोकांनी आपल्या आनंदाच्या दिवशी मुलांना जेवण द्यायची सोय आहे. केंद्र सरकार तिला तिथीभोजन म्हणतं, आपल्याकडे स्नेहभोजन. चांगली गोष्ट आहे. पण सगळ्यांना त्या एका दिवशी जिलबीच वाटायची असते, आणि फोटोही त्याच दिवशी काढायचा असतो. उरलेल्या सदतीस दिवसांच्या वरणाला कोणी वाली नसतो. जिलबीवाल्यांना नाही म्हणू नका, फक्त आधी त्यांच्याकडून चार दिवसांची डाळ मागून घ्या.

पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यावर कितीजण शिकून मोठे झाले. पण मूल परक्या दारात उभं राहायचं, वाढतील ते मुकाट्याने खायचं, आणि कोणाला वार मिळायचा ते जात पाहून ठरायचं. आपण वार लावायचा तो घरांनी, मुलांनी नव्हे. सोमवारची भाजी पहिल्या मजल्याची, मंगळवारची दुसऱ्या मजल्याची. मुलं आपली रोज एकाच पंगतीत. अमेरिकेतही शाळेच्या सुट्टीतलं जेवण १९६८ पासून सरकारी खर्चाने सुरू आहे. तिथं शाळा, चर्च, स्थानिक संस्था ते चालवतात, बागेत किंवा वाचनालयातसुद्धा पंगत बसते. गरीब वस्तीतल्या अशा ठिकाणी आलेल्या मुलाला ‘तुझ्या घरी काय कमी आहे’ असं कोणी विचारत नाही. आलं की बसायचं. तेवढं आपणही पाळू या. तुमची स्वतःची मुलं सुट्टीत घरीच असतात ना? त्यांनाही आठवड्यातून दोनदा तिथं न्या, वाढायला नव्हे, जेवायला. हे वाचून काहीजणींच्या कपाळाला आठी पडेल, ठाऊक आहे मला.

स्वयंपाकाबद्दल थोडंसं, कारण मे महिन्यात अन्न बघता बघता आंबतं. सकाळी शिजवून साडेबाराला पंगत आणि दीडला पातेली रिकामी, असं वेळापत्रक ठेवा. उरलेला भात संध्याकाळी गरम करून देऊ नका. गरम केल्याने खराब झालेला भात चांगला होत नाही. ओल्या नारळाचं वाटण टाळा, त्याऐवजी दाण्याचं कूट घाला. मुगाची खिचडी, मटकीची उसळ, चवळी, वरणात दुधी किंवा लाल भोपळा, वर काकडी. काकडी-टोमॅटो वाढायच्या आधी चिरा. ताक त्याच दिवशी घुसळलेलं, आणि त्यात घालायचं पाणी उकळून गार केलेलं. वाढायला एकच ओगराळं ठेवा, म्हणजे पहिल्याला भरपूर आणि शेवटच्याला तळ असं होत नाही. आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं द्यायला हरकत नाही. चालतं का, ते मुलाच्या आईला विचारायचं, आपल्या सोवळ्याला नव्हे.

आणि हे सगळं मे उजाडल्यावर सुचून उपयोगाचं नाही. ज्या डोंबिवलीने १९९९ साली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा काढून साऱ्या महाराष्ट्राला तो पायंडा घालून दिला, तिथं माणसं जमवायला शिकवावं लागत नाही. पाडव्याच्या तयारीला बायका जमतील तेव्हाच चिठ्ठ्या फिरवा, कोण तांदूळ, कोण डाळ. वाण्याला एप्रिलमध्ये सांगितलं तर घाऊक भाव लावतो. डाळ घेताना निवडून घ्या आणि डब्यात कडुलिंबाचा सुकवलेला पाला टाका. पावसाची पहिली सर येईपर्यंत कीड लागणार नाही.