इथं काहीच नव्हतं? : मीरा-भाईंदरच्या आठ लाखांना कामगारांचा सवाल



एक खोटं वाक्य आहे. ते इमारतींच्या जाहिरातीत असतं, निवडणुकीच्या व्यासपीठावर असतं, गाडीच्या डब्यातही कानावर पडतं. "मीरा-भाईंदरला होतं काय? चिखल आणि मीठ! शहर आम्ही उभं केलं." या एका वाक्याच्या जोरावर गावांच्या जमिनी गेल्या, डोंगराला हात लागला, आणि आता जिभेवर आलं आहे. जिथं काही नव्हतंच, तिथं विचारायचं कुणाला? म्हणून या वाक्याचाच हिशेब आज आम्ही चुकता करणार.

आम्ही मागावर उभे राहणारे लोक. शाळा चौथीपर्यंतची. पण तिसरीच्या भूगोलात ठाणे जिल्हा शिकलो आणि चौथीच्या इतिहासात शिवछत्रपती. तेवढी शिदोरी पुरे आहे.

पहिला इतिहास घ्या. साष्टी बेटाचं हे उत्तर टोक. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसईबरोबर हा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. इथल्या माणसाला कुणी विचारलं नाही. पुढे वसईच्या मोहिमेत चौकच्या टेकडीवरच्या धारावी किल्ल्यासाठी मराठे आणि फिरंगी हातघाईवर आले. कारण ज्याच्या हाती धारावी, त्याच्या हाती वसईच्या खाडीचं तोंड. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. १७७४ साली इंग्रजांनी साष्टी बळकावली, १७८२च्या सालबाईच्या तहात ती त्यांच्याकडेच राहिली. आता सांगा, रिकाम्या चिखलासाठी तीन-तीन सत्ता रक्त सांडतात काय?

आणि चिखल म्हणजे तरी काय हो? भरतीचं पाणी बांधातून आत घ्यायचं, वाफ्यावाफ्यातून फिरवायचं, उन्हात आटवायचं, खारात पाय कुजवत मीठ ओढून ढीग घालायचे, आणि पावसाच्या आत ते उचलायचं. पिढ्यान्‌पिढ्या हे काम आगऱ्यांनी केलं. ज्या मिठावरच्या कराने इंग्रज सरकार तिजोरी भरत होतं आणि ज्या करासाठी १९३० साली सारा देश पेटला, ते मीठ अशाच आगरांतून निघत होतं. राबणाऱ्याच्या नावावर मात्र आगर नाही! मजुरी त्याची, मालकी दुसऱ्याची. गिरणीत आमचं झालं तेच इथं आगरात झालं.

आता भूगोल. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दक्षिणेला दहिसर. मध्ये सुमारे ७९ चौरस किलोमीटर जमीन. तीत भाईंदर, नवघर, गोडदेव, खारी, मीरा, काशी, घोडबंदर, चेणे, वर्सावे, राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन, पाली ही गावं. उत्तनचा कोळी समुद्रावर जातो, कोळीण बांबूंवर बोंबील वाळत घालते. तो ख्रिस्ती आहे आणि बोलतो मराठीच. काशी-चेण्याच्या बाजूला वारली राहतो. तो या जंगलात उद्यानाच्या पाटीआधीपासून आहे.

ज्याला हे लोक 'चिखल' म्हणतात, ते खाजण आणि ती खारफुटी म्हणजे भरतीचं पाणी जिरवणारी जागा. तिथं भराव टाकला की पाणी कुठं जाणार? ते आमच्या तळमजल्याच्या खोलीत येतं. २६ जुलै २००५ला मुंबई-ठाण्याने हा धडा छातीभर पाण्यात उभं राहून घेतला. त्याच साली उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला बंदी केली. चौथी शिकलेल्याला जे कळतं, ते सांगायला उच्च न्यायालय लागलं!

आता लोकसंख्या. १२ जून १९८५ला पाच ग्रामपंचायती मोडून नगरपालिका झाली. १९९०ला आणखी चार पंचायती आत घेतल्या. २८ फेब्रुवारी २००२ला महानगरपालिका झाली. सतरा वर्षांत ग्रामपंचायतीची महानगरपालिका! माणसं १९९१ला सुमारे पावणेदोन लाख, २००१ला ५,२०,३८८, २०११ला ८,०९,३७८. चौरस किलोमीटरला दहा हजारांच्या वर, आणि त्यातही डोंगर, जंगल, खाजण वजा केलेलं नाही.

ही माणसं कोण? आम्हीच की! १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो मालकांनी उपासमारीने मोडला. आमच्यातल्या कितीकांच्या बापांनी परळ-लालबागची खोली विकली आणि स्वस्त जागेसाठी भाईंदरची गाडी पकडली. आम्हीही आलेलेच! तेव्हा पोटासाठी आलेल्या कामगाराशी, मग तो बिहारचा असो, राजस्थानचा असो, आमचं भांडण नाही. आमचं भांडण "इथं काहीच नव्हतं" म्हणून विकणाऱ्याशी आणि त्याला सही-शिक्का देणाऱ्याशी आहे.

त्या वाक्याची किंमत आजही कोण मोजतं? आठ लाखांचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो आणि त्याचा धूर कोळ्याच्या घरात शिरतो. मेट्रोची गाडी हवी आहे, आम्हालाच सगळ्यांत जास्त हवी आहे, कारण लोकलच्या दारात लोंबकळतो आम्ही. पण कारशेड आधी राई-मुर्धे-मोर्व्याच्या शेतावर आखली. गाववाले उठले, तेव्हा ती डोंगरीवर नेली आणि हजारो झाडांवर कुऱ्हाड आली. दर वेळी आधी नकाशा, मग गाव!

आणि भाषा? १९६०चा महाराष्ट्र शंभराच्या वर हुतात्म्यांच्या रक्तावर उभा राहिला. राजभाषेचा कायदा १९६४चा, पालिकांनी मराठीत कारभार करावा असा कायदा २०२२चा. तरी ८ जुलै २०२५ला मीरा रोडला मराठीसाठी मोर्चा काढायची पाळी आली. परवानगी नाकारली, माणसं धरून नेली, तरी लोक आले. आमचं स्पष्ट मत ऐका. कुणाच्या कानफटात मारून भाषा जगत नाही. खिडकीवर, दवाखान्यात, करारनाम्यावर आणि पगाराच्या पावतीवर ती असेल तर जगते. जिथं पोट आहे, तिथं भाषा आणा. मग शेजारचा बिहारी आपल्याआधी शिकेल.

आमच्या मागण्या चार :

गावठाण आणि कोळीवाड्यांच्या हद्दी मोजा, नकाशावर घ्या आणि नावावर करा.

आगर, खाजण, डोंगर यांना हात लावण्याआधी त्या गावाची सभा घ्या.

कचऱ्याचा भार एका उत्तनवर नको. ज्या प्रभागाचा कचरा, त्याच प्रभागात त्याची विल्हेवाट लावा.

पालिकेचा आणि कारखान्याचा प्रत्येक कागद मराठीत द्या.

पाचवी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, ती आपण करायची. २०२१ची जनगणना झालीच नाही. २०२७च्या जनगणनेत मातृभाषेचा रकाना येईल, तेव्हा मोजणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका. आगरी असा, कोळी असा, कोकणातले असा, स्वतः सांगा आणि काय लिहिलं ते वाचून बघा.

इथं काहीच नव्हतं म्हणणाऱ्यांनो, इथं माणसं होती. अजून आहेत. आता ती मोजून घेणार आहेत, आणि मग जाब विचारणार आहेत.

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!